लग्नपत्रिकेची एपीके उघडली, ॲप काढून टाकलं, आता फॉरमॅट पुरेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गावी तुमच्या वडिलांना, अण्णांना, चुलत काकांच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून एक एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल आली, त्यांनी ती उघडली, इन्स्टॉल झाली, दुपारपासून फोन हँग व्हायला लागला आणि संध्याकाळी तुमच्या भावाने ते ॲप काढून टाकलं. आज तिसरा दिवस, खात्यातून एक रुपया गेलेला नाही. आणि तुम्ही विचारताय की फॉरमॅट मारला की विषय संपतो का, का नवा फोनच घ्यावा, आणि अण्णांचं यूपीआय कायमचं बंद करून टाकावं का.

मी मोबाईल ॲप्सच्या सिक्युरिटीचं काम करतो, आणि ओळखीतून, गावाकडून असे फोन बघायला येतात ते वेगळेच. लग्नसराई सुरू झाली की पत्रिकेच्या नावाने, एरवी आरटीओ चलन, पीएम किसान, बँक केवायसी, लाईट बिल अशा नावांनी. आत माल जवळपास एकच असतो.

आधी सरळ उत्तर देतो. फॉरमॅट करा. नवा फोन घ्यायची गरज नाही. यूपीआय कायमचं बंद करू नका, पण पैशांची मांडणी बदला. मात्र तुमच्या तिन्ही प्रश्नांत एक गोष्ट सुटतेय आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. फोन साफ करणं हे एक काम झालं, आणि त्या चार-सहा तासांत फोनमधून जे बाहेर गेलं ते निकामी करणं हे दुसरं काम. फॉरमॅटने फक्त पहिलं होतं. तुम्ही सगळे पहिल्या कामावर अडकलाय आणि दुसऱ्याला अजून हातच लागलेला नाही.

आता हे ॲप करतं काय ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का सांगतोय ते कळेल. बऱ्याच जणांना वाटतं की ते पासवर्ड चोरतं. मुख्यतः ते एसएमएस चोरतं. आपल्याकडे तुम्ही म्हणजे तुम्हीच आहात हे बँक, आधार, व्हॉट्सॲप, गॅस एजन्सी, पीएफ ऑफिस सगळेच एका गोष्टीवरून ठरवतात, ती म्हणजे तुमच्या सिमवर आलेला मेसेज. ज्याच्या हातात तो मेसेज, तो मालक. हे ॲप आलेला प्रत्येक एसएमएस वाचून इंटरनेटवरून चोराच्या सर्व्हरला किंवा टेलिग्रामवर पाठवतं, नाहीतर सरळ दुसऱ्या मोबाईल नंबरला फॉरवर्ड करतं. 2025 च्या सुरुवातीला झिम्पेरियम या मोबाईल सिक्युरिटी कंपनीने भारतीय बँकांच्या ग्राहकांवर सोडलेल्या अशाच एका ॲपच्या टोळीचा अभ्यास बाहेर काढला होता, त्यात जवळपास 900 नमुने सापडले, आणि लोकांचे चोरलेले मेसेज, कार्डांची माहिती, ओळखपत्रं असा सुमारे अडीच जीबी डेटा इंटरनेटवर बिनकुलपाचा पडून होता. म्हणजे ज्याने चोरला त्याच्याकडेच तो राहिला असंही नाही, ज्याला पत्ता सापडला तो कोणीही वाचू शकत होता. म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत पैसे गेले नाहीत याचा अर्थ वाचलो असा लावू नका. माहिती विकली जाते, पडून राहते, कोणीतरी दोन आठवड्यांनी उघडतं.

पुढचा प्रश्न, भावाने काढलं ते ॲप नेमकं कुठलं? हे विचारतोय कारण आजकाल एकात एक अशी दोन ॲप्स असतात. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल म्हणजे फक्त बाहेरचं कवच. ती उघडली की छान पत्रिकेचं चित्र किंवा गूगल प्लेसारखी दिसणारी स्क्रीन येते आणि खाली 'अपडेट करा' असं बटण. ते दाबलं की दुसरं ॲप आत बसतं, आणि खरं काम ते दुसरं करतं. त्याला आयकॉनच नसतो. भाऊ होम स्क्रीनवर दिसलेलं पत्रिकेचं ॲप दाबून धरून काढतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि दुसरं तसंच चालू राहतं. ही दोन पायऱ्यांची पद्धत उगाच आलेली नाही. अँड्रॉइड 13 पासून गूगलने बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचून स्वतःच बटणं दाबायची सोय) आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी सहज मिळू नये असं कुलूप लावलं. चोरांनी मग बाहेरच्या कवचाकडून आतलं ॲप अशा पद्धतीने बसवायला सुरुवात केली की सिस्टिमला वाटतं ते एखाद्या ॲप स्टोअरमधूनच आलंय, आणि कुलूप लागतच नाही.

त्यामुळे भावाला सांगा, सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघड, 'सर्व ॲप्स' वाली, आणि एकेक नाव बघ. आयकॉन नसलेलं, कोऱ्या नावाचं, किंवा नुसतं सर्व्हिस, अपडेट, सिक्युरिटी, गूगल प्लेशी मिळतंजुळतं नाव असलेलं काही आहे का. मग सेटिंग्जमध्येच ही चार ठिकाणं शोधून बघ: ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस, डिव्हाईस ॲडमिन आणि डिफॉल्ट एसएमएस ॲप. शेवटच्या ठिकाणी फोनच्या नेहमीच्या मेसेजेस ॲपशिवाय दुसरं काही अनोळखी असेल तर तेच चोर. यादी उघडायला गेलं की स्क्रीन आपोआप मागे जाते किंवा सेटिंग्ज बंद पडतात असं होत असेल तर ॲक्सेसिबिलिटी त्याच्या हातात आहे असं धरून चाला, तेव्हा फोन सेफ मोडमध्ये चालू करा. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत आणि मग ते निमूट निघतं. हे सगळं करताना फोनचा डेटा आणि वायफाय बंद ठेवायचं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या अण्णांना विचारल्याशिवाय मला किंवा कोणालाही इथून सांगता येणार नाहीत. त्या ॲपमध्ये एखादा फॉर्म आला होता का? त्यात त्यांनी काय भरलं? आधार नंबर, पॅन, डेबिट कार्डाचा नंबर, एटीएम पिन, यूपीआय पिन, यातलं काही? 'डिफॉल्ट एसएमएस ॲप बनवा' असा डबा येऊन त्यांनी 'हो' केलं का? त्यानंतर कोणाचा फोन आला होता का?

हे का महत्त्वाचं ते सांगतो. नुसते एसएमएस गेले तरी नुकसान होऊ शकतं, पण त्याला मर्यादा आहे. चोराला अण्णांचं यूपीआय स्वतःच्या फोनवर चालू करायचं असेल तर आधी अण्णांच्या सिमवरून एक मेसेज जावा लागतो, यूपीआय ॲप उघडताना 'एसएमएस पाठवत आहोत' असं आपल्यालाही दिसतं तोच. एसएमएस पाठवायची परवानगी मिळालेलं ॲप हा मेसेज गुपचूप पाठवू शकतं. इथपर्यंत तो आला तरी त्याला यूपीआय पिन नवा करायचा तर डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्स्पायरी लागते, किंवा दुसऱ्या रस्त्याने आधारचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. ओटीपी त्याच्याकडे येतोच आहे. म्हणजे अण्णांनी फॉर्ममध्ये नुसता आधार नंबर भरला असेल, बाकी काही नाही, तरी शेवटचं दार उघडतं. म्हणून 'फक्त आधारच दिलं हो, बँकेचं काहीच नाही दिलं' हे वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नका.

विचारताना एक कराल का, रागावू नका. मी मनापासून सांगतोय. घरातला कर्ता माणूस, पोराने सगळ्यांसमोर बोल लावले की तो पुढच्या वेळी सांगतच नाही, आणि या प्रकारात सगळं काही किती तासांत कळलं यावर असतं. अण्णांनी काही वेड्यासारखं केलेलं नाही. पत्रिका जवळच्या नात्यातल्या माणसाच्या नंबरवरून आली, लग्नाचे दिवस आहेत, काकांच्या घरी लग्नाचं पोरगं आहे. कोणीही उघडली असती. एकटे असताना विचारा, आणि 'काय भरलं' यापेक्षा 'स्क्रीनवर काय काय दिसलं ते सांगा' असं विचारा, जास्त आठवतं.

आजच्या आज करायच्या गोष्टी आता क्रमाने, आणि क्रम खरंच महत्त्वाचा आहे, कारण लोक आधी सगळे पासवर्ड त्याच फोनवरून बदलतात आणि नवे पासवर्डही चोराला देऊन मोकळे होतात.

पहिलं, सिम त्या फोनमधून काढून एखाद्या साध्या कीपॅड फोनमध्ये घाला. गावात कोणाकडे तरी असतोच. एवढ्यानेच नव्या मेसेजची गळती थांबते. फॉरमॅट रात्री झाला तरी चालेल, सिम आत्ता काढा. कॉल फॉरवर्डिंग चालू आहे का तेही बघून घ्या, काही ॲप्स कॉल दुसरीकडे वळवून ठेवतात म्हणजे बँकेचा फोन अण्णांपर्यंत पोचत नाही आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपीही तिकडे जातो. कंपनीच्या कस्टमर केअरला सांगितलं तर ते सगळं फॉरवर्डिंग काढून देतात.

दुसरं, बँक. नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर भरपूर असतात. पासबुकवर किंवा डेबिट कार्डच्या मागे छापलेला नंबर घ्या. वेबसाईट बघायचीच असेल तर आरबीआयच्या सांगण्यावरून बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायचं होतं, तो शेवट आहे का बघा. फोनवर यूपीआय, नेट बँकिंग, मोबाईल बँकिंग थांबवायला सांगा, डेबिट कार्ड ब्लॉक करून नवं मागवा. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा, या तीन दिवसांत खात्याला कुठला नवा मोबाईल किंवा नवं ॲप जोडलं गेलंय का, कुठलं ऑटोपे मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, बसलंय का, एफडी मोडायची किंवा एफडीवर कर्जाची रिक्वेस्ट पडलीय का. सेव्हिंग खात्यात पाच हजार असतात म्हणून माणूस निश्चिंत असतो, आणि चोर नेट बँकिंगमधून एफडी मोडून ती रक्कम सेव्हिंगमध्ये आणतो. मी बघितलेल्या केसेसमध्ये व्यवहार बहुतेक रात्री बाराच्या जरा आधी आणि लगेच नंतर झालेले असतात, कारण तारीख बदलली की दिवसाची लिमिट नव्याने मिळते आणि माणूस झोपलेला असतो.

फोन करून झाला की उद्या अण्णांना घेऊन ब्रँचमध्ये जा आणि साधा हाताने लिहिलेला अर्ज द्या. अमुक तारखेला, अमुक वाजता फोनमध्ये घातक ॲप गेलं, माझ्या संमतीशिवाय होणाऱ्या व्यवहारांना मी जबाबदार नाही, सेवा थांबवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. साहेब म्हणतील पैसे गेलेच नाहीत तर अर्ज कशाला, तरी घ्या. कारण असं आहे, आरबीआयचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक सांगतं की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, मध्येच कुठेतरी झाली, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच येत नाही. एपीकेच्या केसमध्ये बँका सहसा म्हणतात की ॲप तुम्हीच टाकलं, निष्काळजीपणा तुमचा. परिपत्रकात व्यवहार कळवण्याबद्दल लिहिलंय, नुसत्या संशयाबद्दल नाही, त्यामुळे हा अर्ज म्हणजे पक्कं कवच आहे असं मी म्हणणार नाही. पण उद्या काही झालंच तर 'आम्ही आधीच लेखी सांगितलं होतं, तुम्ही सेवा थांबवली नाही' हे म्हणायला तुमच्या हातात शिक्का असलेला कागद असेल, आणि तक्रार पुढे ओम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या आरबीआयच्या अधिकाऱ्याकडे नेताना तोच कागद कामाला येतो. अण्णांचं खातं जिल्हा बँकेत किंवा कुठल्या सहकारी बँकेत असेल तरी करा, सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालंय.

तिसरं, आधार. फॉर्ममध्ये आधार भरलं असेल तर बायोमेट्रिक लॉक करून टाका, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवरून किंवा आधारच्या ॲपवरून होतं, पण हे तुमच्या स्वच्छ फोनवरून करा आणि ओटीपी कीपॅड फोनवर घ्या. एक अडचण आधीच सांगतो. लॉक केलं की रेशन दुकानातल्या मशीनवर अण्णांचा अंगठा लागणार नाही, सीएससी सेंटरवर आधारने पैसे काढता येणार नाहीत, आणि मग दुकानदार म्हणेल तुमचं कार्डच खराब आहे. त्या दिवशी थोड्या वेळापुरतं अनलॉक करायचं, परत लॉक. हे घरात कोणाला तरी जमणार असेल तरच लॉक करा. महिन्याचं धान्य चुकणार असेल तर त्याऐवजी ज्या खात्यातून आधारने पैसे निघतात त्यात मोठी रक्कम ठेवू नका, तेवढ्यावरही बरंच भागतं.

चौथं, गूगल खातं आणि व्हॉट्सॲप. गूगलचा पासवर्ड तुमच्या फोनवरून बदला, कुठकुठल्या डिव्हाईसवर लॉगिन आहे ती यादी बघून अनोळखी सगळी काढा. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावा. हा पिन लावलेला असता तर काकांचं खातं गेलं नसतं, कारण गेलं ते असंच असणार. काकांच्या फोनमध्ये आधी हेच ॲप शिरलं, चोराने स्वतःच्या फोनवर काकांच्या नंबरने व्हॉट्सॲप चालू केलं, ओटीपीचा मेसेज ॲपने पोचवला, आणि मग काकांच्या नावाने सगळ्या भावकीच्या ग्रुपवर पत्रिका गेली. उद्या हेच अण्णांच्या नावाने होईल, किंवा कदाचित झालंही असेल, म्हणून अण्णांच्या नंबरवरून गेल्या तीन दिवसांत कोणाला काही फाईल गेलीय का ते एकदा नात्यात विचारा. व्हॉट्सॲपवर विचारू नका, फोन करून विचारा.

आणि हे सगळं झाल्यावर फॉरमॅट. फॅक्टरी रीसेट केला की बाहेरून टाकलेलं ॲप जातं, रूट न केलेल्या, म्हणजे सिस्टिमचं कुलूप न तोडलेल्या, साध्या फोनमध्ये ते टिकत नाही, म्हणून नवा फोन नको म्हटलं. त्याआधी त्या मूळ मेसेजचा, नंबरचा आणि ॲप दिसत असेल तर त्याचा स्क्रीनशॉट नको, दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा, तक्रारीला लागतो. मेमरी कार्ड असेल तर ते फॅक्टरी रीसेटमध्ये पुसलं जात नाही, फाईल तिथे पडून राहते आणि महिन्याभराने कोणीतरी परत उघडतं, तेव्हा कार्डावरचे डाउनलोड आणि व्हॉट्सॲप डॉक्युमेंटचे फोल्डर हाताने साफ करा. आणि जुन्या फोनवरून नव्यावर सगळं जसंच्या तसं नेणारी जी ॲप्स असतात ती वापरू नका. लोक घाबरून नवा फोन घेतात आणि दुकानदार प्रेमाने जुन्यातलं सगळं कॉपी करून देतो, चोरासकट. फोटो आणि कॉन्टॅक्ट तेवढे घ्या, ॲप्स एकेक करून प्ले स्टोअरमधून टाका.

थोडक्यात क्रम परत सांगतो, कारण तुम्ही हे भावाला वाचून दाखवणार: सिम बाहेर, बँकेला फोन, आधार आणि गूगल-व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवरून, मग फॉरमॅट, आणि उद्या सकाळी अर्ज घेऊन ब्रँच. यातल्या कुठल्याही क्षणी पैसे गेल्याचा मेसेज दिसला तर बाकी सगळं सोडून 1930 ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. चोरीचे पैसे आधी भाड्याच्या खात्यांत जातात, तिथून पुढच्या खात्यांत आणि मग एटीएममधून बाहेर, आणि 1930 वर तक्रार लागली की ज्या खात्यात रक्कम अजून पडलीय तिथे ती गोठवता येते. म्हणून तासाभरात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी केलेला फोन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पैसे गेले नसतील तरी नॅशनल सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाकून ठेवा.

यूपीआयबद्दल. बंद करा म्हणणारे बरेच भेटतील, मला ते पटत नाही. गावात आता खताच्या दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत क्यूआर आहे, अण्णांना ते जमलंय, त्यांना त्याची सवय आणि थोडा अभिमानही असणार. ते काढून घेतलं तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून करतील, आणि ते अजून वाईट. त्यापेक्षा पैसा दोन ठिकाणी करा. ज्या खात्यात ऊसाचं बिल, एफडी, मोठी रक्कम आहे त्या खात्याला नेट बँकिंग नको, यूपीआय नको. त्याला नवा मोबाईल नंबर लावा आणि ते सिम कायमचं कीपॅड फोनमध्ये ठेवा. त्या फोनमध्ये एपीके चालूच शकत नाही, तिथे आलेला ओटीपी तिथेच राहतो. फक्त त्या नंबरचा रिचार्ज चालू ठेवा, बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते आणि मग बँकेचे मेसेज त्या दुसऱ्याला जायला लागतात. दुसरं छोटं खातं रोजच्या खर्चाचं, स्मार्टफोनला जोडलेलं, त्यात दोन-पाच हजार. लागेल तसे मोठ्या खात्यातून चेकने नाहीतर ब्रँचमधून टाकायचे.

तुम्हाला आणखी एक रस्ता आहे, यूपीआय सर्कल. 2024 मध्ये आलं. यात अण्णा तुमच्या खात्यातून पैसे देतात, त्यांचं स्वतःचं बँक खातं फोनला जोडायलाच लागत नाही. पूर्ण अधिकार दिले तर महिन्याला जास्तीत जास्त 15,000 आणि एका वेळी 5,000 अशी मर्यादा असते, किंवा प्रत्येक पेमेंटला तुमची मंजुरी लागेल असंही ठेवता येतं. मंजुरीचं मी सुचवणार नाही, तुम्ही मीटिंगमध्ये असाल आणि अण्णा दुकानात ताटकळत उभे, असं दोनदा झालं की ते परत जुन्यावर जातील. पण वडिलांना पोराच्या पैशाने खर्च करायला आवडेल का, हे तुमच्या घरचं तुम्हालाच माहीत. माझ्या ओळखीत काही वडिलांनी साफ नकार दिलाय, आणि मला त्यांचं म्हणणं समजतं.

फॉरमॅटनंतर फोनमध्ये दोन सेटिंग करून द्या. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे प्ले स्टोअरमधली ॲप्स तपासणारी सोय, चालूच ठेवा. गूगलने भारतात प्ले प्रोटेक्टमध्ये असं संरक्षण आणलंय की ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाईल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी मागत असेल तर ते इन्स्टॉलच होऊ देत नाही. म्हणूनच हल्ली चोर फोन करून 'आधी प्ले प्रोटेक्ट बंद करा' असं सांगतात. हे वाक्य जो कोणी बोलेल तो चोर, यात अपवाद नाही. दुसरं, व्हॉट्सॲप आणि क्रोमला 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' ही परवानगी बंद करा. सॅमसंगचा फोन असेल तर ऑटो ब्लॉकर चालू करा, अँड्रॉइड 16 असेल तर ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन, दोन्हींमुळे बाहेरची ॲप्स बंदच होतात आणि अण्णांच्या वापरात काहीही अडत नाही.

अण्णांना नियम एकच द्या, दहा दिले तर एकही लक्षात राहत नाही. पत्रिका म्हणजे फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफ. कुठलीही पत्रिका, चलन, यादी, बिल 'इन्स्टॉल' करा म्हणत असेल तर हात थांबवायचा आणि पाठवणाऱ्याला साधा फोन लावायचा.

आणि पुढच्या काही महिन्यांची तयारी ठेवा. अण्णांच्या इनबॉक्समध्ये वर्षानुवर्षांचे मेसेज असणार, कुठल्या बँकेत किती, कुठला विमा, गॅसचा नंबर, नातवाची शाळेची फी, सगळं. ते वाचून कोणीतरी फोन करेल आणि इतकं अचूक बोलेल की खरंच बँकेतला माणूस वाटेल. 'तुमच्या अमुक पॉलिसीचा हप्ता' किंवा 'तुमच्या खात्यावरून गुन्हा झालाय, व्हिडिओ कॉलवर बसून राहा, डिजिटल अरेस्ट आहे'. कायद्यात असली कुठलीच अटक नाही. समोरच्याला माहिती आहे म्हणजे तो खरा आहे, हा हिशोब आता आपल्या घरासाठी संपला, एवढं आईलाही सांगून ठेवा, कारण दुपारी फोन बऱ्याचदा तीच उचलते. जुने मेसेज फॉरमॅटमध्ये जातीलच, यापुढे महिन्याला एकदा भावाने इनबॉक्स रिकामा करावा.

एसएमएसच्या ओटीपीवर सगळं टांगलेलं असणं हाच खरा कच्चा दुवा आहे आणि तो अण्णांच्या हातात नाही. आरबीआयने सप्टेंबर 2025 मध्ये डिजिटल पेमेंटच्या पडताळणीबद्दल नवे निर्देश काढले, 1 एप्रिल 2026 पासून लागू, त्यात एसएमएस ओटीपीशिवाय इतर मार्गांना जागा दिलीय आणि नियम न पाळल्यामुळे ग्राहकाचं नुकसान झालं तर बँकेने ते भरून द्यायचंय. तुमच्या बँकेने ॲपमधून किंवा बायोमेट्रिकने मंजुरी द्यायचा पर्याय दिला असेल तर तुमच्या स्वतःच्या खात्याला तो घ्या. अण्णांच्या मोठ्या खात्याला मात्र अजूनही कीपॅड फोन आणि पासबुक हेच मला जास्त भरवशाचं वाटतं.

काकांना आजच फोन करा. त्यांना कदाचित कळलंही नसेल. त्यांचा फोन अजून तसाच असेल तर आधी त्यांचंही सिम बाहेर काढायला सांगा, फोन फॉरमॅट करून झाला की मगच व्हॉट्सॲप परत रजिस्टर करायचं, नाहीतर नवा कोडही चोराकडेच जाईल. एकदा त्यांनी स्वतःच्या फोनवर कोड टाकला की चोर आपोआप बाहेर पडतो. त्याने टू-स्टेप पिन लावून ठेवला असेल तर काकांना सात दिवस थांबावं लागेल, पण तोपर्यंत चोरालाही ते खातं वापरता येत नाही.

फोनचं मॉडेल, अँड्रॉइड कुठलं, ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत काय दिसलं आणि फॉर्ममध्ये कुठकुठले रकाने होते एवढं कळलं की इथे लिहा, मग पुढचं नेमकं सांगता येईल. रकान्यांची नावंच फक्त, नंबर टाकू नका.